नदीकाठचा दगड

माशाचा सांगाडा उमटलेल्या दगडाचे चित्र मी एका पुस्तकात पाहिले आणि माझ्या मनाने एकच ध्यास घेतला. असा जीवाश्म आपणही शोधून काढायचा! इतकेच नव्हे, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आणून दाखवीन, असे मी मित्रांना सांगूनही बसलो. माझे मामा महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवीत. माझा बेत ऐकून ते नुसते हसले आणि म्हणाले, "चला, शोधून तर पाहू."

सुट्टीतल्या एका सकाळी आई, मामा, धाकटी सुमन आणि मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी या अरण्यातून वाहते. पावसाळा सरल्यामुळे पाणी ओसरले होते व पात्रातील काळे खडक उघडे पडले होते. दोन तास आम्ही एकेक दगड न्याहाळला. शिंपला नाही, पान नाही, मासा तर नाहीच. इतक्यात मला एक दगड दिसला. त्याच्या काळ्या अंगावर अंड्यांसारखे पांढरे ठिपके होते. "सापडली! अंडी सापडली!" मी ओरडलो.

मामांनी दगड निरखून पाहिला. "बाळ, ही अंडी नव्हेत. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी या भूमीवर तप्त लाव्हारस पसरला. तो थिजला, तेव्हा त्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातील खनिजे त्यांत साचली. तेच हे ठिपके. धगधगत्या लाव्हारसात प्राण्याचा देह टिकणार कसा?"

"मग मुंबईत जीवाश्म नाहीतच?" सुमनने विचारले.

"आहेत तर! लाव्हारसाच्या एका पुरानंतर दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ लोटे. तेवढ्या अवधीत तळी साचत, त्यांत बेडूक नांदत. वरळीला अशाच गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. 'डायनोसॉर' हे नाव योजिले, तेही त्यांनीच."

मग दगड माझ्या हाती देत मामा म्हणाले, "हा होता तेथे ठेव. राष्ट्रीय उद्यानातून काहीही न्यायचे नसते."

मी मान डोलावली. पण सर्वांची पाठ वळताच दगड खिशात टाकला. मित्रांना काय कळणार? अंडी म्हणून सहज खपून जातील!

परतीच्या वाटेवर सुमन मामांना बेडकांविषयी प्रश्नामागून प्रश्न विचारीत होती. मी मात्र गप्प होतो. खिशातला दगड पावलागणिक जड होत होता. मामांनी खरे ते समजावून सांगितले होते आणि मी ते जाणूनबुजून खोटे करायला निघालो होतो. फाटक दिसू लागले, तसा मी थबकलो. दगड बाहेर काढून म्हणालो, "मामा, मला नदीवर परत जायचे आहे."

मामा रागावले नाहीत. ते मुकाट्याने माझ्याबरोबर आले. ज्या खळग्यातून दगड उचलला होता, त्यातच मी तो ठेवला.

शाळा उघडली. मी रिकाम्या हातांनी वर्गासमोर उभा राहिलो, तेव्हा काही मुले हसली. मी अडखळत सारे सांगू लागलो. अंडी नव्हती, हेही सांगितले. वरळीच्या बेडकांची हकीकत आली आणि हसू हळूहळू थांबले. मागच्या बाकावरून एकाने हळूच विचारले, "म्हणजे आपल्या मुंबईतले बेडूक?"

"होय, आपल्या मुंबईतले," मी म्हणालो. माझे हात रिकामे होते, याचा मला केव्हाच विसर पडला होता.