खुलासा कुठं गेला?

नववीच्या मुलांना मी मोबाइलवर बातमी करायला शिकवतो. शाळेतल्या शिक्षकांना वाटतं, हे सगळं कुठल्यातरी नव्या अभ्यासक्रमातलं असणार. मोबाइल आडवा धरा, वारा असेल तर माइकला रुमाल गुंडाळा, मूळ फाइल पुसू नका, एवढं अलीकडचं आहे खरं. बाकीची सगळी शिदोरी धुळ्यातल्या एका दैनिकाच्या मुद्रितशोधकांची. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

मी उमेदवारी करत होतो तेव्हा पान हातानं लावलं जाई. ब्रोमाइडवर निघालेला मजकूर ब्लेडनं कापून चिकटवायचा. जागा कमी पडली की पहिला घाव शेवटच्या परिच्छेदावर. ज्याच्यावर आरोप असे, त्याचं म्हणणं बहुतेक वेळा नेमकं तिथंच असायचं. काकांना पगार होता ऱ्हस्व-दीर्घ बघण्याचा. पण लावलेलं पान ते मूळ कॉपीशी ताडून बघत आणि तिथूनच ओरडत, "अरे, खुलासा कुठं गेला?" मग मथळा बारीक करा, फोटो छाटा, काहीही करा, पण तो परिच्छेद पानावर परत आलाच पाहिजे.

त्यांच्या टेबलावर कायम कालनिर्णय असे. बातमीत तारीख आणि वार दोन्ही आले की आधी ते जुळतात का बघायचे. आकडे एकदा सरळ, एकदा उलट वाचायचे. गावाच्या नावाबद्दल शंका आली, तर तिथल्या पोस्टात फोन लावायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, एवढं बारीक कोण वाचतंय?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ज्याचं नाव छापलंय, तो वाचतो."

पुढे पानं संगणकावर लागू लागली. काका निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्या दिवसांत असल्या अफवांबरोबर देशभर व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. प्रत्यक्षात ती कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाची फीत होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढाच शेवट कापला होता. ते कळलं तेव्हा मला काकांचा आवाज आठवला. त्यानंतरच मी शाळेत शिकवायला लागलो.

वर्गात या प्रकरणाचा पाठ मी दोन भागांत घेतो. आधी कापलेल्या फितीत काय दिसतं ते सांगतो आणि मुलांनाच विचारतो, आता काय शोधाल? हळूहळू हात वर होतात. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढायचा, गुगल लेन्सवर टाकायचा, तोच प्रसंग आधी कुठं आलाय का बघायचं. गाडीची नंबरप्लेट, दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे? सावली कुठं पडलीय? मग मी मूळ शेवट सांगतो. वर्ग एकदम गप्प होतो.

एका गटानं गावातल्या गळक्या पाण्याच्या टाकीवर बातमी केली होती. व्हिडिओ लांबला, म्हणून मुलांनी ग्रामसेवकांचं बोलणं उडवलं. मी काही म्हणायच्या आत मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, यांनी खुलासा कापलाय." मुलांनी टाकीची दृश्यं कमी केली आणि ग्रामसेवक परत आत आले. त्या मुलीनं काकांना कधी पाहिलेलं नाही.

बातमीदाराचं नाव बातमीवर येतं, मुद्रितशोधकाचं कुठंच येत नाही. इतकी वर्षं काकांनी वाचवलेल्या बातम्यांवर आमची नावं मिरवली. ते देणं त्यांना फेडण्याची सोय आता राहिलेली नाही. म्हणून मुलांच्या प्रत्येक व्हिडिओच्या नामावलीत ‘तपासणी’ ही ओळ मी सक्तीची केली आहे, आणि ती कॅमेरावाल्याच्या वर असते. त्या ओळीसाठी आता वर्गात भांडणं होतात.