घेतलेलं परत कोण करणार?

यंत्रांवर चालणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं रोजचं काम. ही यंत्रं महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. प्रोग्रॅमनं घेतलेली मेमरी दर वेळी थोडीशी जरी परत करायची राहिली, तरी कधीतरी मध्यरात्री यंत्र ठप्प होतं. म्हणून सी भाषेतलं कुठलंही फंक्शन हाती आलं की मला पहिला प्रश्न पडतो: आत मेमरी घेतली आहे का, आणि ती सोडायची कोणी? उत्तर बहुतेक वेळा कॉमेंटमध्ये असतं, नाहीतर लिहिणाऱ्याच्या डोक्यात.

गेलं वर्षभर मी संध्याकाळी झिग शिकते आहे. अँड्र्यू केली यांनी २०१६ मध्ये ही भाषा लोकांसमोर आणली. तिच्यातला एक रिवाज मला फार आवडला. ज्या फंक्शनला मेमरी लागते, ते 'अलोकेटर' उघडपणे मागून घेतं. पहिली ओळ वाचली की कळतं, इथे देणंघेणं आहे. आपण भांड्यांवर नावं घालतो ना, तसंच हे. मेमरी घेतली की लगेच खालच्या ओळीत 'डिफर' लिहायचं. मग फंक्शनमधून कुठल्याही वाटेनं बाहेर पडा, ती सुटतेच. काही बिनसलं तरच सोडायची असेल, तर 'एररडिफर'. मांडणाऱ्या फंक्शनचं नाव 'इनिट', आवरणाऱ्याचं 'डीइनिट'. चाचणीसाठी वेगळा अलोकेटर आहे. तो वापरला आणि मेमरी गळली, तर चाचणीच नापास होते.

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं विचारलं, "ताई, जी भाषा अजून १.० ला पोचली नाही, तिच्यात सुट्टी घालवू का?" प्रश्न रास्त आहे. २०२५ मध्ये आलेल्या ०.१५ आवृत्तीत माहिती वाचण्या-लिहिण्याची व्यवस्थाच बदलली, आणि माझ्या प्रोग्रॅमांचे काही भाग मला नव्यानं लिहावे लागले. नोकरीतलं यंत्र मी आज तरी झिगवर सोपवणार नाही.

त्याला म्हटलं, "नोकरीसाठी सी पक्की कर, पण महिनाभर झिग लिहून बघ." फंक्शनांची नावं बदलतील, रीत अंगात राहील. मी सीमध्येही आता मेमरी घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर ती कोणी सोडायची हे आधी लिहिते, मगच पुढची ओळ.