सोबत

कसबा बावड्यात आम्ही राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी दुधाचे केंद्र आहे. सकाळी सहाला तिथे रांग लागते आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्यांची देवाणघेवाणही तिथेच होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही परदेशी निघणार ही बातमी तिथूनच पसरली. मॅडम अमेरिकेला शिकवायला जाणार, याचे रांगेत कौतुक झाले. मग केंद्रावरच्या मामांनी आमच्यातल्या दुसऱ्याकडे वळून विचारले, "आनि सर, तुमी तकडं काय करनार?"

प्रश्नात कसलीही खोच नव्हती. दूध मोजता मोजता विचारलेला साधा प्रश्न तो. आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते, एवढेच.

हे लेखन आम्ही दोघे मिळून करीत आहोत. दोघेही मराठीचे अध्यापक. शिवाजी विद्यापीठात एकाच वर्गात बसून एम. ए. झालो आणि पुढे दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत रुजू झालो. फिलाडेल्फियातील एका विद्यापीठात तिथल्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याचे दहा आठवड्यांचे निमंत्रण आले, ते आमच्यातल्या तिला. आमच्यातला तो बिनपगारी रजा काढून सोबत गेला. पुढे जिथे दोघांचे म्हणणे वेगळे पडते तिथे 'ती' आणि 'तो' असे लिहू, एरवी 'आम्ही'. मात्र या 'आम्ही'विषयीच थोडे सांगायचे आहे.

पतीच्या कामाच्या गावी पत्नीने जाणे आपल्याकडे इतके सवयीचे आहे, की त्याला वेगळे नाव द्यावे असे भाषेला कधी वाटले नाही. त्या जाण्यातून मराठीला मोलाचे आत्मपर लेखनही मिळाले. न्यायमूर्ती रानडे सरकारी कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करीत, तेव्हा रमाबाई त्यांच्यासोबत असत. १९१० साली त्यांनी आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या नावात 'माझ्या' नाही, 'आमच्या आयुष्यातील' असे आहे. आम्ही दोघांनीही हे पुस्तक वर्गात शिकवले आहे आणि त्या 'आमच्या'त रमाबाई किती आणि माधवराव किती, असा प्रश्न परीक्षेत घातलाही आहे. उलट दिशेच्या प्रवासाला मात्र मराठीत शब्द आहे आणि तो शिवीच्या जवळचा आहे. बायकोच्या मागे गेला, असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही.

आमच्या घरात या अडचणीवर तोडगा काढला तो त्याच्या आईंनी. "परमुलखात तिला एकटी कशाला धाडतोस? सोबतीला जा," असे त्या म्हणाल्या, आणि आम्हां दोघांनाही हायसे वाटले. सोबत म्हणजे राखण. राखणीला जाणाऱ्या पुरुषाला कोणी हसत नाही. वस्तुतः तिला राखणीची गरज नव्हती आणि त्यालाही ते ठाऊक होते. व्हिसाच्या कागदांवर खरा हिशेब स्पष्ट मांडलेला होता. तिचा व्हिसा जे-१, त्याचा जे-२. म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती. मुंबईला जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये हा कागद त्याने तीनदा काढून वाचला. तिने ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

कोल्हापूरच्या माणसाला अशा वेळी आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी आठवणे साहजिक आहे. त्यांच्या अमेरिका-प्रवासाची दोन्ही टोके कोल्हापुरात आहेत. टपाल खात्यातले गोपाळराव बदली होऊन येथे आले होते, तेव्हा पत्नीला अमेरिकेत शिकवण्याविषयीचे पत्र त्यांनी येथूनच मिशनऱ्यांना लिहिले. पूर्वी कोल्हापुरात मिशनचे काम केलेल्या रॉयल वाइल्डर यांच्या नियतकालिकात ते छापले गेले आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. दुसरे टोक म्हणजे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, आजचे सीपीआर. शिक्षण पुरे झाल्यावर तेथील स्त्रियांच्या कक्षाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली होती.

मधला प्रवास सर्वांना परिचित आहे. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील, म्हणजे बंगालमधील, सभेत आनंदीबाईंनी लोकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे दिली. त्यांतला एक प्रश्न 'एकट्या का जाता?' असा होता. दोघांपुरता पैसा नाही आणि पतीवर घरच्या माणसांचा भार आहे, हे त्यांनी सरळ सांगितले. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, ५८ दिवस. गोपाळराव मागाहून निघाले आणि १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा ते तिथे होते.

दरम्यान गोपाळरावांनी अमेरिकेत व्याख्याने दिली. ख्रिस्ती धर्मावर आणि तिथल्या समाजावर त्यांनी कडवी टीका केली. ज्यांच्या घरी त्यांची पत्नी राहत होती आणि ज्यांच्या मदतीने शिकत होती, तेही त्याच समाजातले लोक होते. हे सारे आम्ही पूर्वी वाचले होते, वर्गात सांगितलेही होते. विक्षिप्तपणा या एका शब्दात आम्ही त्याची बोळवण करीत असू.

फिलाडेल्फियातला पाचवा आठवडा असावा. शहराबाहेर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने शनिवारी आम्हांला जेवायला बोलावले. वीसेक माणसे जमली होती. जेवणाआधी यजमानीणबाईंनी तिला विनंती केली, की अमेरिकन मुलांना मराठी शिकवतानाचे अनुभव सांगा. ती दोन वाक्ये बोलली. तिसऱ्या वाक्यात आनंदीबाईंचे नाव आले, आणि तिथून त्याने सूत्रे हाती घेतली. त्याने त्या विषयाची तयारी केलेली होती. दिवसभर खोलीत रिकामा बसून त्याने दुसरे केले तरी काय होते? तो सुमारे चाळीस मिनिटे बोलला. बोलला उत्तम, हे तिलाही मान्य आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पाने वाढली गेली. तिच्या वर्गाविषयी पुन्हा कोणी विचारले नाही.

परतताना मोटारीत ती काही बोलली नाही. खोलीवर आल्यावर एवढेच म्हणाली, "अहो, त्यांनी माझ्या वर्गाबद्दल विचारलं होतं."

"अगं, पण मी आपल्याच विषयावर बोललो ना?" तो म्हणाला. त्या 'आपल्या'वर ती हसली, आणि ते हसणे चांगले नव्हते. पुढचे दोन दिवस आम्ही भाजी, किल्ली आणि ट्रॉलीची वेळ यांपलीकडे बोललो नाही. विसाव्या वर्षापासून एकमेकांचे निबंध तपासत आलेल्या दोन माणसांत इतकी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती.

ती कोंडी फुटली एका छायाचित्रामुळे. ते अनेकांनी पाहिले असेल. तारीख १० ऑक्टोबर १८८५. विमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत: लुगड्यातल्या आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. त्या महाविद्यालयाचे दप्तर आज फिलाडेल्फियाच्याच ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. तिला ते चित्र धड्यासाठी वापरायचे होते, म्हणून तिने ते टेबलावर ठेवले होते. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "त्या वर्षी गोपाळरावही अमेरिकेत आले. या चित्रात मात्र ते नाहीत."

"असायचं कारणच नाही," ती म्हणाली.

या एका वाक्याने त्याला जे उमगले ते त्याच्याच शब्दांत असे: गोपाळरावांनी व्याख्याने का दिली असतील, हे मी वीस वर्षे स्वभावाने समजावून देत होतो; ते जागेने समजावून द्यायला हवे होते. ज्याने पत्नीला अक्षर शिकवले, जो तिचा मास्तर होता, त्याला तिच्या गावात बसायला खुर्ची नव्हती. म्हणून त्याने व्यासपीठ शोधले. मीही शनिवारी तेच केले.

तिचे म्हणणे थोडे निराळे आहे आणि ते आम्ही तसेच नोंदवतो. पत्नीला शिकवणे एक आणि शिकलेल्या पत्नीच्या मागून चालणे दुसरे, असे ती म्हणते. पहिल्यात पुरुषाचा मोठेपणा वाढतो, दुसऱ्यात त्याची परीक्षा होते. जागा नव्हती हे कारण झाले, सबब नव्हे. बायका परक्या गावी विनाखुर्चीच्याच राहत आल्या. त्यांनी त्यासाठी यजमानांना दुखावले नाही. या मुद्द्यावर आमचे अजूनही एकमत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात तिला संवादाच्या पाठासाठी दुसरा आवाज हवा होता. गिऱ्हाईक आणि भाजीवाला, प्रवासी आणि कंडक्टर असे ते साधे संवाद. तो वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसू लागला आणि सांगितले की उठून आपला भाग वाचू लागला. वर्गात सहा विद्यार्थी होते. त्यांतल्या मराठी घरात जन्मलेल्या एका मुलीने विचारले, की आई कधी 'आम्ही' म्हणते, कधी 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, मग फरक काय? तिने फळ्यावर दोन वर्तुळे काढली. ऐकणारा वर्तुळाबाहेर असेल तर 'आम्ही', आत असेल तर 'आपण'. मुलीने मागच्या बाकाकडे पाहून लगेच उदाहरण करून पाहिले, "म्हणजे तुम्ही दोघं आम्हांला सांगाल, 'आम्ही शिकवतो'?"

"नाही," ती म्हणाली. "शिकवते मी. वाचतो आम्ही."

त्या क्षणी त्याला ते लागले, हे तो लपवत नाही. पण संध्याकाळपर्यंत त्याच्या ध्यानात आले, की आमच्याविषयीचे इतके अचूक वाक्य लग्नानंतर कोणी उच्चारले नव्हते. उरलेल्या आठवड्यांत त्याने स्वयंपाक केला, स्वाध्याय टंकलिखित केले, कंडक्टर झाला, भाजीवाला झाला. तिच्या वर्गाविषयी कोणी विचारले की तो तिच्याकडे पाही. हे सोपे गेले असे नाही. दोनदा तो चुकलाही.

गोपाळरावांच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही दोघेही मानतो. १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये ती दोघे परतीला निघाली, तेव्हा आनंदीबाई क्षयाने खंगल्या होत्या. त्या प्रवासात आणि पुढे पुण्यातल्या आजारपणात गोपाळराव त्यांच्याजवळ होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी. कोल्हापूरच्या त्या कक्षाचा कारभार त्यांना पाहता आला नाही. सोबत या शब्दाचा खरा अर्थ गोपाळरावांना त्या शेवटच्या महिन्यांत सापडला असेल काय? याचे उत्तर आम्ही देणार नाही. तसा प्रश्न मात्र आता परीक्षेत घालू.

नोव्हेंबरअखेर आम्ही बावड्यात परतलो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता आणि हवेत मळीचा वास होता. दुसऱ्या दिवशी तो दुधाला गेला. मामांनी पिशवी पुढे करीत विचारले, "मग सर, काय केलासा तकडं?"

"मॅडमच्या वर्गात बसत होतो," तो म्हणाला. "मागच्या बाकावर."

रांगेतले दोघे-तिघे हसले, आणि मग तोही हसला. घरी येऊन त्याने हे तिला सांगितले. तिने विचारले, "आणि वाचत होतो, हे नाही सांगितलंत?"