सही कर, म्हणालो खरे!

सांगलीत नोकरीला असतानाची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले. धाकटे अजून अंगावर पीत होते. नवरा सेंट्रिंगच्या कामावर बाहेरगावी. दोघांनी विचार करून पिशवी साफ करायचे ठरवले. कागदपत्रांची सवय म्हणून आम्ही तिच्यासोबत दवाखान्यात गेलो.

दोन कागद पुढे आले. पोरीने विचारले, "काका, दुसरा कसला?" आम्ही न वाचताच म्हणालो, "नेहमीचाच असतो, कर सही." तो तांबी बसवण्याच्या संमतीचा कागद होता.

पुढच्या पाळीत अंगावरून जास्त गेले, पोटात कळा आल्या. सासू म्हणाली, "पाप बाहेर पडतंय." पोर घाबरून गप्प. तपासणीला नेले तेव्हा तांबीचे कळले. जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासणारे आम्ही. आमची मान खाली गेली.

पुढे साताऱ्यात नात्यातल्या मुलीबरोबर असेच जावे लागले. तिथल्या नर्सताईंनी आम्हाला बाहेर बसवले आणि तिच्याशीच बोलल्या. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात. पिशवी साफ केल्यावर जंतुसंसर्ग नसेल तर तांबी त्याच वेळी बसते; गोळ्या घेतल्या असतील तर गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री करून. सरकारी दवाखान्यात ५ वर्षांची व १० वर्षांची तांबी मिळते. पहिले काही महिने पाळी जास्त जाते, कळा येतात. ताप, घाण वासाचा स्राव, जोराची पोटदुखी किंवा पाळी चुकणे, यांपैकी काही झाले तर लगेच यायचे. नको वाटली तर काढून मिळते. तांबी घेतली नाही म्हणून गर्भपात अडत नाही.

मुलीने विचार करून तांबी घेतली. कळा तिलाही आल्या. पण ती घाबरली नाही.

बाबासाहेब हे माता भीमाईंचे चौदावे अपत्य. भीमाईंची समाधी साताऱ्यातच आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. ठराव पडला, पण आयाबहिणींच्या जिवाचा प्रश्न त्यांनी भर सभेत मांडला.

१९७१ च्या कायद्याप्रमाणे गर्भपाताला सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची सही लागत नाही. म्हणून सांगतो, आपल्या लेकी-सुनांबरोबर जरूर जा. पण कागद तिला वाचून दाखवा, तिला विचारू द्या, आणि मगच पेन हातात द्या. आमची चूक तुम्ही करू नका.

जय भीम!