उप्सालातला बेदाणा

धाकटी स्वीडनला शिकायला जाणार म्हटल्यावर आमच्या वस्तीवरच्या निम्म्या लोकांनी ते स्वित्झर्लंड धरलं. एकजण म्हणाला, "आण्णा, तिथं पिक्चरची शूटिंगं असत्यात न्हवं?" मी तरी कुठं लई शहाणा होतो? शाळेच्या भूगोलात नॉर्वे-स्वीडन म्हणजे लाकूड आणि लोखंड, एवढंच पाठ केलेलं.

कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातनं तिची पदवी झालेली. पुढं माती-पाण्याच्या अभ्यासाला उप्साला गावच्या कृषी विद्यापीठात नंबर लागला. पूर्वी तिकडं परदेशी पोरांना फी नसायची, 2011 पासून युरोपबाहेरच्यांना लावली. म्हणजे आम्ही नेमके उशिरा जागे झालो. कर्ज काढलं. दीड एकर द्राक्षबागेचा सातबारा बँकेत गेला. हे चाललं होतं ऑगस्ट 2019 मध्ये. सांगलीत कृष्णेचा महापूर, माणसं बोटीतनं बाहेर काढत होते, बँकेच्या दारात पाणी. आणि इकडं त्याच जिल्ह्यात आमची कवठे महांकाळची माणसं म्हैसाळच्या कालव्याला पाणी कधी सुटतंय म्हणून बघत बसलेली. पूर ओसरेपर्यंत कागदं अडकली. पोरगी कशीबशी महिनाअखेरीला विमानात बसली. तिची आई आठ दिवस नीट जेवली नाही.

पहिल्या महिन्यात फोनवर नुसत्या गमती. तिकडं मास्तरला नावानं हाक मारतात. सर नाही, मॅडम नाही. अहो-जाहो त्या लोकांनी साठ-सत्तर सालाच्या सुमाराला सोडूनच दिलं म्हणे, एकेरीच सगळं. मी विचारलं, "आणि राजाला गं?" तर म्हणाली, "राजाच्या घरचे तेवढे सोडून." आमचे गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली, पण त्यांचं नाव अजून माझ्या तोंडातनं एकेरी निघत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथं घड्याळ तासभर मागं करतात, हेही नवलच. आधी आमच्यात साडेतीन तासांचं अंतर होतं, ते साडेचार झालं.

पण मला खरं धरून बसलं ते शेत. विद्यापीठाचं आवार उल्टुना नावाच्या ठिकाणी आहे. तिथं एक प्रयोग 1956 सालापासून चालू आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. दोन मीटर बाय दोन मीटरचे चौकोन. एकात शेणखत, एकात नुसता भुसकाट, एकात हिरवळीचं खत, एकात मैल्याचा गाळ. आणि एक चौकोन उघडाच. खत नाही, पीक नाही, तण उगवलं की काढायचं. ट्रॅक्टर घालत नाहीत, फावड्यानं हातानं खणतात. उघड्या चौकोनातला सेंद्रिय कर्ब दीड टक्क्यावरनं एक टक्क्याच्या आसपास आला. शेणखतवाल्यात वाढला. हे सांगताना पोरीचा आवाज बदलला होता. म्हणाली, "आण्णा, ज्यांनी सुरू केलं त्यांच्या मागनं दुसरी माणसं आली, त्यांच्या मागनं तिसरी. कुणी मोडलं नाही." आमच्याकडं बाप गेला की वर्षाच्या आत बांध कोरला जातो. सरकारच्या पैशानं इतकी वर्षं उघडा चौकोन जपायचा म्हणजे कुणाला वेड वाटेल. मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या बागेत शेवटचं शेणखत कधी पडलं ते मी आठवत होतो.

मग पाऊस आला. सप्टेंबरात छाटणी घेतलेली बाग ऐन फुलोऱ्यात, आणि ऑक्टोबर सरता सरता जो धरला तो नोव्हेंबरात शिरला. सरीत गुडघाभर चिखल, ट्रॅक्टर आत जाईना, पाठीवरच्या पंपानं फवारण्या. दावण्यानं पानं खाल्ली, घड कुजले, उरलेले गळाले. निम्मी बाग गेली. मी बायकोला बजावलं, पोरीला एक अक्षर सांगायचं नाही. पोरीनं बागेचा फोटो मागितला तर गेल्या सालचा पाठवून दिला. "झकास हाय माल," असंही सांगितलं.

तिचंही तिकडून "बरं आहे, बरं आहे" एवढंच यायचं.

13 डिसेंबरला सकाळी साडेअकराला मी वाचलेल्या घडांची विरळणी करत होतो, तेव्हा तिचा फोन आला. तिकडं सातच वाजलेले, मिट्ट काळोख. त्या दिवशी त्यांचा लुसियाचा सण. पांढरे कपडे घालून पोरी गाणी म्हणत येतात, पुढचीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. आणि केशर घातलेले पिवळे पाव वाटतात, इंग्रजी एससारखे वळलेले, दोन्ही वेटोळ्यांत एकेक बेदाणा. "आण्णा, पुड्यावर तुर्कस्तान लिहिलंय," म्हणाली, आणि रडायलाच लागली. मला कळेना, तुर्कस्तानच्या बेदाण्यावर रडण्यासारखं काय आहे.

मग सगळं निघालं. दिवस तिथं पावणेतीनला संपतो. ती दिवस-दिवस अंथरुणातनं उठत नव्हती, एका परीक्षेत नापास झाली होती, हप्त्याच्या धास्तीनं पहाटे एका हॉटेलात फरशी पुसत होती. आणि म्हणाली, "तो फोटो जुना आहे. आपला कोपऱ्यातला अँगल जूनच्या वावटळीत वाकला होता, फोटोत तो सरळ उभा आहे." महिनाभर तिला माहीत होतं. मी बाग सरीत तशीच सोडून बांधावर बसलो. म्हटलं, "ये परत. कर्जाचं बघू." ती बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाली, "परीक्षा पुन्हा देऊ देतात. देते."

मार्चात कोरोनानं विमानं बंद झाली, व्यापारी गायब झाले. उरलेला खायचा मालसुद्धा आम्ही शेडवर टाकला आणि त्याचा बेदाणा केला. चार किलोला एक किलो. तिकडं विद्यापीठाचे वर्ग घरबसल्या चालले, पण चौकोनांचं काम थांबलं नाही म्हणाली.

शिक्षण 2021 ला संपलं. नोकरी तिथंच लागली, सातबारा मोकळा झाला. परत येणार का, हे तिची आई दर फोनला विचारते, मी विचारत नाही. 2022 ला महिनाभर आली होती तेव्हा विहिरीकडच्या कडेला तिनं दोरी लावून चार चौकोन आखले. एकात शेणखत, एकात काडीकचरा, एकात आपलं नेहमीचं खत, एक उघडा. मला म्हणाली, "मी येईपर्यंत याच्यात काही टाकू नका."

उघड्या चौकोनात हरळी लई येते. दर पंधरवड्याला खुरपं घेऊन मीच काढतो.