सहा घोडे आणि तीनशे नाणी

धूलकोटच्या आमच्या मुलांचे गणित दोन भाषांत चालते. घरी मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे मराठी पुस्तकातला ‘चल’ त्यांच्या वहीत ‘चर’ होतो. ‘समीकरण’ मात्र सुदैवाने दोन्हीकडे एकच. परंतु खरी अडचण शब्दांची नव्हे. सातवीतले मूल अक्षरे एका बाजूस आणि अंक दुसऱ्या बाजूस नेते, चिन्ह बदलते आणि उत्तरही बरोबर काढते. चिन्ह का बदलले असे विचारावे, तर म्हणते, ‘‘पलीकडे गेलं म्हणून.’’ उंबरा ओलांडताच धनाचे ऋण व्हावे, असा हा चमत्कार! याला गणित म्हणावे की तोडगा, असा आम्हांस प्रश्न पडतो.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातील ग्रंथात एक उदाहरण आहे. एकाजवळ सहा घोडे आणि तीनशे नाणी. दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण डोक्यावर शंभर नाण्यांचे कर्ज. दोघांची संपत्ती सारखीच आणि सर्व घोडे एकाच मोलाचे, तर एका घोड्याची किंमत काय? अज्ञात राशीला आचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जितके असेल तितके’. मांडणीत त्याचे नुसते ‘या’ होते, अंकांसाठी ‘रू’ येतो, ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब बसते आणि दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहिले जातात.

आता दोघांचेही सहा-सहा घोडे सोडून द्या. बरोबरी मोडत नाही. एकाकडे तीनशे नाणी उरतात, दुसऱ्याकडे चार घोडे आणि शंभराचे देणे. मग दोघांनाही शंभर-शंभर द्या. देणे फिटते, चार घोडे चारशेचे ठरतात, एक घोडा शंभराचा. यात पलीकडे काहीच गेले नाही. जे केले ते दोघांना सारखेच केले. शेतीवर कर्ज काढणाऱ्या घरांतील मुलांना ऋण म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही, हेही खरे.

सोडवण्यापेक्षा मांडणे अवघड. ‘वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट’ असे वाक्य दिले, की तीनाचा आकडा हटकून वडिलांशेजारी जाऊन बसतो. लहान कोण, आणि बरोबरीस आणण्यासाठी वाढवायचे कोणाला, एवढे मराठीत बोलून घेतले तर तो आकडा आपोआप मुलाकडे येतो. आम्ही हल्ली आधी बोलायला लावतो, लेखणी नंतर.

हे बीजगणित आपल्यासाठी परप्रांतीय नाही. बऱ्हाणपूर ज्या खानदेशाची राजधानी होते, त्याच खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. इ.स. १२०७च्या सुमाराचा तेथील शिलालेख संस्कृतात आरंभून अखेरीस मराठीत उतरतो, आणि उतरतो तो थेट बाजारात! पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला मिळणारा वाटा मठास दिला आहे, आणि प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेलही.