गुलकंद पाहुण्यांसाठी नाही

आमच्या घरात गोडाला कारण लागतं. रजबमध्ये कुंड्यांची खीर-पुरी, शबे-बरातला चण्याच्या डाळीचा हलवा, रमजान ईदला शीरखुर्मा, मोहरममध्ये चोंगे आणि शरबत, कुणाचा अकिका असला तर जर्दा. अलीकडे काही घरांत कुंडे आणि हलवा दोन्ही बंद झालेत. दीनमध्ये याला आधार नाही, असं तिथली तरुण मुलं सांगतात. तो वाद जाणकारांनी करावा. पण हलवा घोटून घोटून ज्यांचे दंड भरून आले, त्या बायकांचं मत या वादात कुणी विचारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

कारण असलं की गोड होतं, आणि झालं की घराबाहेर जातं. शीरखुर्म्याचंच बघा. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. नावात दोनच जिन्नस, पण चांदरातीला स्वयंपाकघरात बसलेल्या बाईला विचारा. चारोळी भिजवून एकेक दाणा चोळून सोलायची. खारका रात्रभर भिजवून उभ्या चिरायच्या. बदाम-पिस्ते कातरायचे, शेवया तुपावर लाल करायच्या, त्या करपू द्यायच्या नाहीत. सकाळी पुरुष ईदगाहवरून यायच्या आत पातेलं तयार हवं. मग वाट्या सुरू होतात. नमाजहून आलेले, गल्लीतले, मुलांचे मित्र, शाळेतले सर, पलीकडच्या आळीतल्या काकूंकडचा डबा, शेताच्या वाटेकऱ्यांचा डबा. दुपारी चारला मी खाली बसते तेव्हा पातेल्याच्या कडेला साय चिकटलेली असते आणि तळाशी चार शेवया. तेच आपलं. चवीला ते सगळ्यात चांगलं असतं, हेही खरं. पण दमलेल्या जिभेला चव उशिरा कळते.

याच घरात एक गोड पदार्थ असा आहे ज्याला ना सण लागतो, ना नियाज, ना पाहुणा. तो म्हणजे अम्मांचा गुलकंद. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी त्या लग्न होऊन कुरुंद्यात आल्या. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणीत होतो. घरात चौदा माणसं, आणि साखर कंट्रोलची. डब्याला कुलूप, किल्ली त्यांच्या सासूच्या कमरेला. आज गावाच्या नावाशी टोकाई साखर कारखाना जोडलेला आहे, शिवारात ऊस आहे, त्यामुळे साखरेच्या डब्याला कुलूप ही गोष्ट माझ्या मुलांना गंमत वाटते. अम्मांना तेव्हा सकाळच्या चहात साखर मिळायची, दुपारच्या चहात गूळ. तर त्या सकाळचा चहा बिनसाखरेचा प्यायच्या आणि आपल्या वाट्याचा चमचा चिंधीत बांधून ठेवायच्या. न्हाणीच्या मागे, सांडपाणी जिरायचं तिथे, त्यांनी माहेराहून आणलेली गावठी गुलाबाची काडी खोचली होती. तिची पाच झाडं झाली. पाकळ्या आणि ती चमचा-चमचा जमवलेली साखर एका बरणीत, बरणी ज्वारीच्या कणगीमागे. वर्षभर कुणाला पत्ता नाही. दुपारी सगळे आडवे झाले की एक बोट.

मी नवी होते तेव्हा त्यांनी मला ही गोष्ट सांगितली ती हसत हसत. मला काही हसू आलं नव्हतं.

हा गावठी गुलाब तुम्ही हाराच्या दुकानात पाहिला नसेल. दुकानातला तो लांब दांड्याचा लाल गुलाब वेगळा. आठवडाभर टिकतो, नाकाशी नेला तर पाण्याचा वास येतो. गावठी फूल फिकट गुलाबी, जरा विस्कटलेलं. सकाळी सातला त्याच्या वासाने न्हाणीपर्यंत माणूस थांबतं, आणि दुपारी बाराला पाकळ्या खाली. त्याला बाजार नाही. वापरायचा तर घरीच, आणि त्याच सकाळी. झाडाचं फार काही करावं लागत नाही. ऑक्टोबरात पाऊस सरला की छाटणी, बुडाशी शेणखत, अधूनमधून धुतलेला चहाचा चोथा आणि कुस्करलेली अंड्याची टरफलं. फवारणी अजिबात नाही, कारण ते पोटात जायचं आहे. थंडीत कळ्या धरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं फुलांनी वाकतात.

नेमकी तेव्हाच आमच्याकडे हळद निघते. वसमत तालुक्यात राहणाऱ्याला फेब्रुवारी-मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. पाला कापणी, खणणी, मग कुकरमध्ये हळद शिजवणं, मग पंधरा-पंधरा दिवस वाळवण, मग ढोलात घालून पॉलिश. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आनंद आहेच, पण मानांकनाच्या कागदावर माणसांचा स्वयंपाक लिहिलेला नसतो. पहाटे मुलांचे डबे, आठला शेतावर दहा-बारा भाकरी आणि ठेचा, दिवसातून तीनदा चहा. हात कोपरापर्यंत पिवळे. अंगणात हळद, गच्चीवर हळद, कपड्यांच्या घडीत हळदीची धूळ.

आणि या सगळ्यात, भाकरी थापायच्या आधी, वीस मिनिटं गुलाबाला द्यायची. दव असताना फुलं खुडायची, उन्हं वर आली की वास उडतो. पाकळ्या सोडवायच्या, देठाकडचा पांढरा भाग कडवट लागतो म्हणून नखाने काढायचा, सुती कापडावर पसरून ओल टिपायची. ओल राहिली तर बुरशी येते आणि अख्खी बरणी फेकावी लागते. मग काचेच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक थर खडीसाखरेचा, वजनाला वजन. रोज जेवढी फुलं तेवढा थर. पाव किलो पाकळ्या जमायला शंभराच्या आसपास फुलं लागतात, म्हणजे आमच्या पाच झाडांचा आठवडा सहज जातो. तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात. रोज एकदा कोरड्या चमच्याने खालीवर करायचं. साखरेला पाणी सुटतं, पाकळ्या खाली बसतात, गुलाबी रंग जाऊन आधी तपकिरी आणि महिना-दीड महिन्याने जवळपास काळसर होतो. बाजारात लालभडक गुलकंद मिळतो तेव्हा अम्मा विचारतात, हा कुठल्या रंगाऱ्याकडून आणला? वेलची, बडीशेप घालणंही त्यांना पटत नाही. फुलात वास नसेल तर वेलची घालावी, म्हणतात.

गच्चीवर पिवळ्या हळदीच्या मधोमध ती एक गुलाबी बरणी असते. मजूर बायका विचारतात, ही कशाला मध्येच? अम्मांचं उत्तर ठरलेलं. हळदीचं ऊन आहे ते तिलाही मिळू द्या.

गुलकंद या शब्दाकडे एकदा नीट पाहिलं तेव्हा मला मोठी मौज वाटली. गुल म्हणजे फूल, कंद म्हणजे साखर, दोन्ही फारसी. पण फारसीतला हा ‘कंद’ मुळात इथलाच. संस्कृतातला ‘खंड’, ज्यावरून आपली खांड आली, तो व्यापाऱ्यांबरोबर इराणात गेला, तिथे कंद झाला, आणि फुलाचा हात धरून परत आला. गुलाबाची गोष्ट याहून गमतीची. गुल-आब म्हणजे फुलाचं पाणी, गुलाबपाणी. इराणात आजही फुलाला गुल म्हणतात आणि गुलाब म्हणजे फक्त अर्क. आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं आणि मग पाण्याला परत ‘गुलाबपाणी’ म्हणायला लागलो. लग्नात पाहुण्यांवर गुलाबदाणी शिंपडतात, निकाहात आणि आमच्या शेजारी काकूंच्या घरच्या लग्नातही. शब्द कुणाच्या घरचा, असं विचारत बसलं तर शिंपडायचं राहून जाईल.

गुलाबाच्या अत्तराचीही एक गोष्ट आहे, आणि तीही एका सासूचीच. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत होती, तेव्हा गरम गुलाबपाण्याच्या भांड्यावर तेलकट तवंग धरलेला तिला दिसला. तो तिने थोडाथोडा करून गोळा केला. एका थेंबाने तळहात दरवळून गेला. बादशहाने तिला मोत्यांची माळ दिली आणि अत्तराला नाव पडलं इत्र-ए-जहांगीरी. मी हे अम्मांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तवंग उसने निकाला, नाम जावई का हुआ!” यावर आणखी काही लिहायची गरज मला वाटत नाही.

फुलांवर हक्क सांगणारे पुष्कळ. शेजारच्या काकूंना गुरुवारी देवासाठी पाच लागतात. शबे-बरातला कबरस्तानात न्यायला पाकळ्या लागतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू टोपली पाठवतात आणि परत पाठवताना त्यात तीळगूळ असतो. कुणाचा सेहरा, कुणाचा शाळेतला निरोप समारंभ. अम्मा कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त एक नियम आहे: रोजची पहिली ओंजळ बरणीची. दुसऱ्या ओंजळीपासून सगळ्या गावाचं.

त्या नियमाचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. एवढ्या देत्या हाताची बाई, आणि बरणीपाशी एवढी कडक? पाहुणे आले, मी सहज गुलकंद बशीत काढायला गेले तर त्यांनी स्वयंपाकघरात येऊन झाकण लावलं. “ये मेरे वास्ते है. मेहमानां के वास्ते नै.” पाहुण्यांना शेवया, पाहुण्यांना शिरा, पाहुण्यांना केळ्याचा हलवा. दिवसभर राबल्यावर दुपारी अडीचला, भांडी निथळत ठेवून, त्या मला हाक मारायच्या. पायरीवर दोघी. एक चमचा त्यांना, एक मला. मी झाडू हातात घेऊनच उभी असायची. “पैले खा, बादमें झाडू मार.” लग्नानंतर या घरात मी बसून खाल्लेला पहिला गोड घास तो.

2022 च्या जुलैत गावात पुराचं पाणी शिरलं. ती रात्र कुरुंद्यात कुणी विसरलेलं नाही. आमच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं, काकूंच्या घरात तर कमरेइतकं. त्या, त्यांची सून आणि तीन नातवंडं आमच्या गच्चीच्या खोलीत आली. वीज नाही, चूल भिजलेली, मुलं भुकेने रडायला लागलेली. वर नेलेल्या सामानात पिठाचा डबा होता, पण पीठ घेऊन काय करणार? अम्मांनी अंधारात चाचपडत बरणी काढली. तिन्ही मुलांना, मग माझ्या दोघांना, मग काकूंना. बरणीतला चमचा इतक्या हातांत फिरताना मी पहिल्यांदा पाहिला. सकाळी तळाशी बोटभर उरला होता. काकू म्हणाल्या, “वैनी, तुमचा वर्षाचा गुलकंद संपवला आम्ही.” अम्मा म्हणाल्या, वर्षाचा कसला, पुढच्या महिन्यात मीच संपवला असता.

पाणी ओसरलं तेव्हा न्हाणीमागे हातभर गाळ होता. गुलाब तीन-चार दिवस तसेच उभे राहिले, मग पिवळे पडले. मुळाशी पाणी थांबलं की गुलाब जगत नाही. पाचही गेले. अम्मा काही बोलल्या नाहीत. गहू भिजलेला, भांडी गाळात, मुलांची दप्तरं वाळत घातलेली. त्यात झाडांचं दुःख कुणासमोर करणार? पण दुपारी अडीचला त्या पायरीवर येऊन बसायच्या, हातात काही नाही, आणि मागच्या रिकाम्या जागेकडे पाहायच्या. मला तो पूर आठवतो तो असा.

काड्या परत कुठून आल्या ते सांगते. काकूंच्या लेकीने सासरी जाताना कधीकाळी अम्मांच्या झाडाची फांदी नेली होती. ती नांदेडला, कुंडीत. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून सात काड्या घेऊन आली. सातांतल्या चार जगल्या. या वेळी अम्मांनी जागा बदलली, न्हाणीमागे नाही, अंगणात चौथरा करून वर.

मधल्या काळात अम्मांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गुलकंद बंद सांगितला, आणि बरोबरच सांगितलं; अर्धी साखरच असते ती. आता त्या बरणीचं झाकण उघडून वास घेतात आणि बंद करतात. कधी बोटाच्या टोकावर, तिळाएवढं. 10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातला भूकंपाचा धक्का बसला, भांडी खणखणली, मी मुलांना घेऊन अंगणात पळाले. अम्मा मागून सावकाश आल्या, बरणी पोटाशी धरून.

खाणारी आता मी एकटी. थोरली लेक कधीकधी येऊन बसते, पण तिला चॉकलेट जास्त आवडतं. कामं काही कमी झालेली नाहीत. हळद तशीच निघते, डबे तसेच भरावे लागतात. अडीच वाजता मी चमचा घेऊन पायरीवर बसते. अम्मा शेजारी बसून विचारतात, इस साल कैसा बना? मी चव सांगते, त्या दुरुस्त करतात. अजून आठ दिवस ऊन हवं होतं, म्हणतात.

मागच्या महिन्यात लांबचे पाहुणे आले. जेवणं झाल्यावर पानांचं निघालं, आणि कुणीतरी म्हणालं, तुमच्याकडे घरचा गुलकंद असतो म्हणे. मी आत गेले, वसमतहून आणलेला बाजारचा डबा उघडला आणि बशीत काढून नेऊन ठेवला. परत आले तेव्हा अम्मा पलंगावरून माझ्याकडेच बघत होत्या.

“कौनसा दी?”

“बाजारका.”

“हौ,” म्हणाल्या, आणि कूस बदलून झोपल्या.